फेसाळ लघवी आणि न कापलेला गुंता

परीक्षानळीत लघवी घेऊन नळीचा वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर धरला. उकळी फुटताच तो उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा झाला. असेटिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकले. नुसते क्षार असते तर विरघळले असते. पांढरेपणा तसाच राहिला. म्हणजे प्रथिनं, आणि तीही भरपूर. लघवीत बुडवायच्या तयार पट्ट्या आल्यापासून ही चाचणी फारसं कुणी करत नाही. पण पट्टीचा हिरवा रंग पेशंटला काही सांगत नाही, नळी सांगते, म्हणून मी अजून दिवा पेटवते.

नळी होती सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या एका बाईंची. वय तिशीच्या आत. उन्हाळ्यात गालांवर आणि नाकावर लाली चढली. तयार विड्या जमा करायला रोज उन्हातून पायपीट, तेव्हा ‘ऊन लागलं’ म्हणून मलम लावलं. मग बोटांचे सांधे सुजले, पान दुमडेना; ते कामाच्या नावावर खपलं. लघवीला फेस आला, घोटे सुजले, तेव्हा कुठे निदान झालं: ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार, आणि तोही किडनीत उतरलेला. ल्युपसच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात, बहुतेक ऐन उमेदीच्या वयातल्या.

सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, “म्याडम, अंगात ताकदच न्हाई हिच्या. गुळवेलाचा काढा देऊ का?” नको म्हटलं. इथे प्रतिकारशक्ती आधीच नको तितकी कामाला लागली आहे, तिला आणखी चेव कशाला?

ल्युपस म्हटलं की ‘कुंपणानेच शेत खाल्लं’ ही म्हण ठरलेली. मला ती अर्धीच पटते, कारण या कुंपणाची आधी फसगत झालेली असते. ऊन लागल्याचा संशयही अगदीच खोटा नव्हता. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात. एरवी भक्षक पेशी हा कचरा वेळेत उचलतात. ल्युपसमध्ये ही सफाई रेंगाळते आणि पेशींच्या पोटातला डीएनए उघड्यावर पडतो. त्यात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू पकडण्यासाठी स्वतःच्याच डीएनएचं जाळं फेकतात. हे जाळं 2004 मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी पहिल्यांदा दाखवलं. मागावर सुताचा गुंता झाला की कारागीर तो कात्रीने कापून मोकळा होतो. रक्तातही अशी कात्री असते, डीएनएज नावाचं विकर. ल्युपसने किडनी धरलेल्या काही रुग्णांत ही कात्री नीट चालत नाही आणि गुंता तसाच राहतो.

तो गुंता प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशींच्या हाती लागतो. त्यांचं काम विषाणू ओळखण्याचं. आपलाच डीएनए त्यांना विषाणूचा वाटतो आणि त्या इंटरफेरॉन ओतू लागतात. इंटरफेरॉन हे सायटोकाइन, म्हणजे एका पेशीने दुसरीला धाडलेला सांगावा. 1957 मध्ये त्याचा शोध लागला तो विषाणूंना रोखणारा पदार्थ म्हणूनच. थोडक्यात, अंगात नसलेल्या विषाणूशी लढाई जुंपते. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींना ‘बॅफ’ नावाचा दुसरा सांगावा तगवून ठेवतो, टी-पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशी त्यांना फूस देतात, आणि डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडी तयार होतात.

आता किडनीच का? एका किडनीत सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या, आणि दोन्ही मिळून दिवसाला 180 लिटर द्रव गाळतात. अँटिबॉडी आणि डीएनएच्या जोडगोळ्या या चाळणीत अडकतात, काही तर तिथेच जुळतात. त्यांच्यावर ‘कॉम्प्लिमेंट’ ही रक्तातली, प्रतिकारशक्तीच्या मदतीची प्रथिनं पेट घेतात. रक्तात त्यातली सी-3 आणि सी-4 कमी आली की आम्ही सावध होतो ते यासाठी: ती इकडे खर्ची पडलेली असतात. धूर दिसताच मॅक्रोफेज या भक्षक पेशी आणि टी-पेशी धावून येतात, टीएनएफ, इंटरल्यूकिन-6, इंटरल्यूकिन-17 हे सांगावे सोडतात, त्या हाकेने आणखी पेशी येतात. आवर घालणाऱ्या टी-पेशी तोकड्या पडतात. चाळणीला बाहेरून टेकू देणाऱ्या पोडोसाइट पेशी निखळल्या की प्रथिनं लघवीत उतरतात. तोच तो फेस.

मग एखादा सांगावा अडवला की झालं? तसं नाही. टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी काही संधिवाताच्या रुग्णांत उलट ल्युपससारखाच आजार उमटलेला आहे. या जाळ्यात कुठला धागा ओढल्यावर काय उसवेल, हे आधी सांगणं कठीण. जुनं, मलेरियाचं म्हणून ओळखलं जाणारं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन डीएनए हुंगणाऱ्या यंत्रणेलाच मंद करतं. बॅफला पकडणाऱ्या बेलिमुमॅबला किडनीच्या ल्युपससाठी अमेरिकेत 2020 मध्ये मान्यता मिळाली. अर्थात पाया अजून स्टिरॉइड आणि मायकोफेनोलेटसारख्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचाच.

बाई सहा महिन्यांनी पुन्हा आल्या. पूर्ण बाह्यांचं पोलकं, डोक्यावर पदर, हातात छत्री. विड्या आता दीर पोचवतो म्हणाल्या. मी दिवा पेटवला. नळी माझ्या आधी त्यांनीच वाकून पाहिली. वरचा भाग धुरकट झाला होता, पांढरा नव्हता.