आपत्कालीन घरभाडे साहाय्य

आपत्कालीन घरभाडे साहाय्य : काम अचानक बंद पडल्यामुळे, आजारपणामुळे किंवा नैसर्गिक आपत्तीमुळे ज्यांचे भाडे थकले आहे अशा अल्प उत्पन्न कुटुंबांना राहती खोली सोडावी लागू नये, म्हणून शासनाने वा महापालिकेने ठरावीक मुदतीपुरती दिलेली आर्थिक मदत. घरकुल योजनेतून नवे घर मिळते. या मदतीने आहे ते छप्पर टिकते. ही मदत कर्ज नसते आणि कायमचे अनुदानही नसते. मुलांची शाळा, कामाची जागा, किराणा दुकानातली उधारी आणि शेजार हे सगळे एका पत्त्याला बांधलेले असते. पत्ता सुटला की ते सगळेच सुटते, आणि नव्या खोलीसाठी पुन्हा डिपॉझिट उभे करावे लागते. म्हणून दोन-तीन महिन्यांचे भाडे भरणे हे बेघर झालेल्या कुटुंबाला पुन्हा उभे करण्यापेक्षा स्वस्त पडते, हा या धोरणामागचा हिशेब आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात अडचणीतल्या कुटुंबांना अशी मदत मिळवून देणारे एक दूरध्वनी मदतकेंद्र होते. निधी शिल्लक असलेल्या दिवशी फोन केलेल्यांची आणि निधी संपलेल्या दिवशी फोन केलेल्यांची तुलना करणारा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निधी शिल्लक असताना फोन केलेली कुटुंबे पुढील सहा महिन्यांत बेघर निवाऱ्यात जाण्याची शक्यता ७६ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात आढळले.

सोलापुरातील भाडेकरू

सोलापुरात १८७७ मध्ये कापड गिरणी सुरू झाली, ती आजही ‘जुनी मिल’ म्हणूनच ओळखली जाते. गिरण्यांच्या आणि हातमागांच्या आधाराने तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, कर्नाटकच्या सीमेवरचे कानडी भाषक आणि आसपासच्या तालुक्यांतले शेतमजूर शहरात स्थिरावले. पुढे गिरण्या बंद पडल्या. चादर आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग राहिले, आणि घराघरांत बायकांच्या हातातले विडीचे सूप राहिले. पूर्व भागातल्या अनेक घरांत पुरुष मागावर आणि बाई विडीवर अशी कमाईची विभागणी आहे. दोन्ही कामे नगावर चालतात. विडीची मजुरी हजारी दराने ठरते आणि कारखान्यात छाट (नापास ठरवून बाजूला काढलेल्या विड्या) निघाली की हातात येणारा पैसा कमी होतो. सुताचा भाव चढला, मालाला उठाव नसला किंवा कारखानदाराने पाळी कमी केली की त्या आठवड्याचा पगार घटतो. घरमालक मात्र महिन्याच्या महिन्याला पूर्ण भाडे मागतो.

घरमालक कोण आहे हेही पाहावे लागते. मोठ्या शहरांवर लिहिणारे लोक घरमालक म्हटला की धनिक गृहीत धरतात. सोलापुरात तो पुष्कळदा खाली स्वतः राहून वरच्या दोन खोल्या भाड्याने देणारा निवृत्त गिरणी कामगार असतो, नाहीतर हद्दवाढ भागात गुंठेवारीच्या (मंजुरीशिवाय लहान तुकडे पाडून विकलेल्या) जागेवर पत्र्याच्या खोल्या बांधलेली विधवा बाई असते. तिचा गॅस आणि औषधे त्याच भाड्यातून भागतात. ‘मालकाने सांभाळून घ्यावे’ एवढेच सांगणारे धोरण एका गरिबाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर देते.

२०२० चा अनुभव

टाळेबंदी लागल्यावर केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली आदेश काढला. कामगारांकडून एक महिना भाडे मागू नये आणि कामगारांना वा विद्यार्थ्यांना खोली सोडायला लावणाऱ्यावर कारवाई करावी, असे त्यात होते. १७ एप्रिलला महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी, थकबाकीसाठी कोणाला बाहेर काढू नये, अशी सूचना दिली. दोन्हींमध्ये पैशाची तरतूद नव्हती. पुढे ढकललेले भाडे माफ होत नाही. मुदत संपते त्या दिवशी ते सगळे एकदम देणे होते, आणि रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला ते कधीच एकरकमी देता येत नाही.

दिल्लीत २९ मार्चलाच मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी गरीब भाडेकरूंचे भाडे सरकार भरेल असे पत्रकार परिषदेत सांगितले. त्यावर भाडेकरू न्यायालयात गेले. २२ जुलै २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने हे आश्वासन सरकारवर बंधनकारक ठरवून निर्णय घेण्यास मुदत दिली. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्या निकालाला स्थगिती दिली. घोषणा करताना पात्रता, रक्कम आणि अर्जाची जागा ठरलेली नसेल तर काय होते, याचे हे प्रकरण चांगले उदाहरण आहे.

अमेरिकेने उलट बाजूने सुरुवात केली. तिथे आधी पैसा मंजूर झाला : डिसेंबर २०२० मध्ये २५ अब्ज डॉलर आणि मार्च २०२१ मध्ये आणखी सुमारे २१.५ अब्ज. उत्पन्नाची मर्यादा त्या भागाच्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबे ज्याच्या खाली असतात त्या आकड्याच्या) ८० टक्के ठेवून, ५० टक्क्यांखालच्यांना प्राधान्य दिले गेले. तरी जुलै २०२१ अखेर जेमतेम ११ टक्के निधी कुटुंबांपर्यंत पोहोचला होता. अनेक ठिकाणी उत्पन्नाचे दाखले, भाडेकरार, मालकाची सही आणि आजाराशी थेट संबंध दाखवणारी कागदपत्रे मागितली जात होती. २५ ऑगस्टला तिथल्या अर्थखात्याने अर्जदाराचे स्वयंघोषणापत्र स्वीकारा, असे स्पष्टपणे बजावले. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने घर खाली करून घेण्यावरील देशव्यापी बंदी उठवली. कागद कमी केल्यावर वाटपाला वेग आला.

यादी नसण्याची अडचण

एप्रिल २०२१ मधील निर्बंधांच्या वेळी महाराष्ट्र शासनाने नोंदणीकृत बांधकाम कामगार, परवानाधारक रिक्षाचालक आणि नोंदणीकृत फेरीवाले यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. हे शक्य झाले ते याद्या आधीपासून असल्यामुळे. विडी कामगारांचीही ओळखपत्रे असतात. भाडेकरूंची यादी मात्र कोणत्याच कल्याणकारी कार्यालयात नसते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील शहरी कुटुंबांपैकी साधारण २७.५ टक्के भाड्याने राहत होती. पण जनगणनेतून नावे घेता येत नाहीत. एकच शासकीय नोंद सापडते, ती पोलीस ठाण्यातल्या भाडेकरू पडताळणीची. ती मदतीसाठी वापरणे चुकीचे ठरेल. पोलिसांच्या वहीत नाव जाऊ नये म्हणून लोक मग मदतीपासूनही दूर राहतील.

त्यामुळे योजना आखण्याचे पहिले काम संकट येण्याआधीचे आहे : विडी कारखान्यांच्या शाखा, यंत्रमाग कामगारांच्या संघटना, ई-श्रम (असंघटित कामगारांची केंद्र सरकारची) नोंदणी, रेशन दुकाने आणि महिला बचत गट यांच्यामार्फत ‘भाड्याने राहतो’ एवढी एक जादा नोंद जमवून ठेवणे. सोलापुरात ही माहिती मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही विचारावी लागते. नीलम नगर किंवा विडी घरकुल परिसरात फक्त मराठी फॉर्म वाटला तर तो भरून देणारा दलाल लगेच उभा राहतो.

पुरावा कशाला मानावे

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. मिळालेल्या भाड्याची पावती देणेही मालकाला बंधनकारक आहे. प्रत्यक्षात गरीब वस्त्यांतला व्यवहार तोंडी असतो. फार तर मालकाच्या वहीत आकडा लिहिला जातो. नोंदणीकृत करार ही अट घातली की योजना सुरू होण्याआधीच तिचे खरे लाभार्थी गळतात. राहतात ते नोकरदार आणि महाविद्यालयाच्या आसपास फ्लॅट घेतलेले लोक.

आधार कार्डावरचा पत्ताही फसवा आहे. तो पुष्कळदा अक्कलकोट, इंडी किंवा गाणगापूरकडच्या गावाचा असतो. म्हणून एकाच मोठ्या कागदापेक्षा लहान लहान खुणा जुळवणे चांगले : मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरील पत्ता, गॅस टाकी पोहोचवल्याची पावती, विडी ओळखपत्र, अंगणवाडीतील नोंद, आशा सेविकेची ओळख, दोन शेजाऱ्यांच्या सह्या. यांपैकी कोणत्याही दोन पुरे धराव्यात आणि बाकीचे स्वयंघोषणेवर सोडावे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आणायला लावण्याऐवजी पिवळे किंवा केशरी रेशन कार्ड, किंवा आधीच चालू असलेल्या एखाद्या कल्याण योजनेतील पात्रता, हाच उत्पन्नाचा पुरावा मानता येतो.

यातून काही खोटे अर्ज येणार, हे उघड आहे. मालक आणि नातेवाईक संगनमताने भाडेकरू दाखवतील. त्यावरचा उपाय म्हणजे शंभरातल्या पाच-दहा अर्जांची पैसे दिल्यानंतर घरी जाऊन केलेली तपासणी. सर्वांची आधी तपासणी करायची ठरवली तर पंचनाम्यासारखी रांग लागते आणि पैसे येईपर्यंत खोली दुसऱ्याला गेलेली असते. लेखापरीक्षकाला हे पटवणे सोपे नसते. म्हणून किती टक्के चूक सहन करायची, हे मंजुरीच्या ठरावातच लिहून ठेवलेले बरे, नाहीतर खालचा कारकून स्वतःच्या बचावासाठी दहा कागद मागणारच.

संकटाची खूण कशी कळावी

अमेरिकेतल्या काही शहरांत मालकाने खटला दाखल करण्याआधी मध्यस्थीला येणे बंधनकारक केले गेले. फिलाडेल्फियातील अशी व्यवस्था २०२० मध्ये सुरू झाली. इथे न्यायालयाच्या दाराशी वाट पाहून भागणार नाही. कायद्याने भाडेकरूला बरेच संरक्षण आहे. भाडे थकले तरी मालकाला आधी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते आणि दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह भरली तर त्या कारणासाठी ताबा जात नाही. पाणी आणि वीज तोडण्यासही मनाई आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला मात्र मुदत संपल्यावर ही ढाल नाही. मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो. आणि तोंडी व्यवहारात यातले काहीच घडत नाही. नळाचे पाणी चार-चार दिवसांनी येणाऱ्या शहरात पाणी भरू न देणे, सब-मीटरची वायर काढणे आणि पंधरा दिवसांचा निरोप देणे एवढे पुरते. वकिलापर्यंत गोष्ट जातच नाही.

म्हणून अर्जासोबत नोटिशीची प्रत मागू नये. भाडे थकलेच असावे, ही अटही तपासून घ्यावी. पुष्कळ बायका भाडे चुकू देत नाहीत. त्या बचत गटातून, मायक्रोफायनान्सच्या हप्त्यावर किंवा कारखानदाराकडून उचल घेऊन मालकाचे पैसे देतात. केवळ थकबाकी भरणारी योजना त्यांना ‘तुमचे काही थकलेले नाही’ म्हणून परत पाठवते. पुढच्या दोन महिन्यांचे भाडे देण्याची सोय ठेवली तर अशा घराला श्वास घेता येतो. डिपॉझिटचाही असाच प्रश्न आहे. अडचणीत मालक भाडे डिपॉझिटमधून वळते करतो, कागदावर थकबाकी शून्य दिसते, पण कुटुंबाची शेवटची शिल्लक संपलेली असते.

रक्कम आणि देण्याची पद्धत

समजा सरासरी भाडे ३,००० रुपये धरले आणि १,००० कुटुंबांना तीन महिने मदत द्यायची ठरली, तर ९० लाख रुपये लागतात. राबवण्याचा खर्च त्यावर १० टक्के धरला तर एकूण ९९ लाख. आकडा महापालिकेच्या आवाक्याबाहेरचा नाही, पण संपूर्ण शहराच्या बंदच्या वेळी कुटुंबे हजारांत नव्हे, दहा हजारांत मोजावी लागतील. तेव्हा राज्याच्या निधीशिवाय भागत नाही. त्यामुळे दोन वेगळे निधी असावेत : घरातला कर्ता आजारी पडणे, कारखान्याला आग लागणे अशा सुट्या संकटांसाठी महापालिकेचा लहान कायमस्वरूपी निधी, आणि साथ, पूर किंवा उद्योग बंद यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या घोषणेनंतरच उघडणारा मोठा निधी. पुरात पडलेल्या घराची भरपाई घराच्या मालकाला मिळते. त्या घरातल्या भाडेकरूचा निवारा गेला याची भरपाई या दुसऱ्या निधीतून व्हावी.

पैसे मालकाच्या खात्यात द्यावेत की भाडेकरूच्या, हा वाद जुना आहे. मालकाला थेट दिले तर भाडे नक्की भरले जाते आणि त्याच्याकडून अटी लिहून घेता येतात : मागील थकबाकी फिटली असे मानणे, पुढचे तीन महिने भाडे न वाढवणे, पावती देणे. पण गुंठेवारीतला मालक आपले नाव आणि खाते महापालिकेला द्यायला घाबरतो, कारण त्यामागून मालमत्ता कराची नोटीस येईल असे त्याला वाटते. म्हणून या योजनेची माहिती कर विभागाला दिली जाणार नाही, हे लेखी सांगितले पाहिजे. मालकाने सात दिवसांत प्रतिसाद दिला नाही तर रक्कम भाडेकरूच्या खात्यात जमा व्हावी. एका कुटुंबात नवरा-बायको दोघांची खाती असतील तर बाईचे खाते धरावे. विडीच्या पैशावर भाडे तीच भरत आलेली असते.

मर्यादा

ही मदत भाडे स्वस्त करत नाही आणि नवी घरेही उभी करत नाही. विडी कामगारांसाठी कुंभारी येथे उभी राहिलेली १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आणि असंघटित कामगारांसाठीचा ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प, ज्यातील १५,००० घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले, ही सोलापूरची लांब पल्ल्याची उत्तरे आहेत. दोन्हींमागे कामगार संघटनेची अनेक वर्षांची चळवळ होती. अशा घराची वाट पाहणारे कुटुंब मधल्या काळात भाड्यानेच राहते, आणि त्या काळातल्या एखाद्या बंद पडलेल्या महिन्यात ही मदत उपयोगी पडते.

मुदत संपवण्याची तारीख सुरुवातीलाच जाहीर करणे इष्ट असते, पण शेवटच्या महिन्यात ज्या कुटुंबाचे काम अजून सुरू झालेले नाही त्याला एकदा मुदतवाढ मिळावी. अमेरिकेच्या पहिल्या निधीतही १२ महिन्यांवर आणखी तीन महिने देण्याची तरतूद होती. योजना बंद झाल्यावर जमलेली यादी दप्तरात बांधून ठेवली जाऊ नये. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाने ती दर वर्षी जूनमध्ये, शाळेच्या प्रवेशांबरोबर खोल्या बदलल्या जातात तेव्हा, नव्याने तपासावी.