मालकीण म्हणजे नेमकं कोण?

सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या एखाद्या कारखान्यात जाऊन ‘मालकीणबाई आहेत का?’ असं विचारलं, तर आतून बोलावून आणतात ती बहुतेक वेळा मालकांची बायको. कामगारांची उचल तिच्या हातून जाते, कोणाच्या घरी लग्न आहे नि कोणाचा हप्ता थकलाय हे तिला तोंडपाठ असतं. पण कारखाना तिचा आहे का, असं पुढे विचारलं की विचारणाराच खुळा ठरतो. जिल्ह्यात बाई नवऱ्याला ‘आमचे मालक’ म्हणते. मालकाची ती मालकीण. शब्द नात्यातून आला, सातबारा किंवा वीजबिलातून नाही.

सध्या सोलापुरात महिला उद्योजकांचे मेळावे होतात, पुरस्कार दिले जातात, कर्जयोजनांचे फलक लागतात. त्या सगळ्यात जो घोळ दिसतो, त्याचं मूळ बरंचसं या एका शब्दात आहे.

जुना काळ थोडक्यात. हातमागावर पुरुष बसे आणि शेजारी बाई कांड्या भरे, म्हणजे विणायचं सूत नळ्यांवर गुंडाळून देई. मजुरी विणलेल्या कापडाची, म्हणून ती त्याच्या हातात पडे. कांडीचा वेगळा हिशेब कोणी ठेवत नसे. १८७०च्या दशकात गिरणी आली, पुढे आणखी गिरण्या आल्या आणि बायका पगारी कामगार म्हणून आत गेल्या, त्याही मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. मग यंत्रमागाने माग घरातून उचलून शेडमध्ये नेला. कांडी यंत्रावर भरली जाऊ लागली. पूर्व भागातल्या हजारो घरांत बाईच्या हाती राहिली ती विडीसाठी तेंदूपान कापायची कात्री.

विडीचा इतिहास या विषयाबाहेरचा वाटेल, पण नाही. घरी बसून विडी वळणारी बाई कारखान्याची कामगार, की पान-तंबाखू घेऊन माल परत देणारी स्वतंत्र ‘उत्पादक’, हा वाद जुना आहे. तिला उत्पादक म्हटलं की कारखानदाराची जबाबदारी संपते. १९६६च्या विडी कामगार कायद्याने घरखात्यातल्या बाईलाही कामगार धरलं, तरी खरेदी-विक्रीचा देखावा करून कायदा चुकवण्याच्या वाटा निघतच राहिल्या. म्हणजे बाईला धंद्याची धनी म्हणण्याची घाई एकेकाळी झाली होती, ती तिची मजुरी बुडवायला. आजच्या फलकांकडे पाहताना एवढं ध्यानात असावं.

खरा बदल मालमत्तेतून सुरू झाला. १९९४मध्ये महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा दिला. त्या वर्षीच्या २२ जूनआधी लग्न झालेल्या मुली मात्र वगळल्या. केंद्राने असाच बदल २००५मध्ये केला, त्यात लग्नाची ही आडकाठी नव्हती. आता शेड, माग आणि जागा तिन्हींतही मुलीचं नाव लागू शकत होतं. प्रत्यक्षात पुष्कळ घरांत काय झालं हे सोलापूरकरांना सांगायला नको. हक्कसोडपत्रावर सही झाली, भावाने साडी-चोळी केली, शेड भावाकडे राहिली.

आणखी एक शब्द इथेच आडवा येतो: ‘कर्ता’. एकत्र हिंदू कुटुंबाच्या नावाने धंदा असेल तर सह्या कर्त्याच्या, म्हणजे कुटुंबप्रमुखाच्या. बाई कर्ता होऊ शकते का, यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५च्या अखेरीस थोरल्या मुलीच्या बाजूने निकाल दिला. मराठीत ‘घरातला कर्ता’ म्हटलं की बाप्याच उभा राहतो आणि ‘कर्तीसवरती’ म्हटलं की संसार सांभाळणारी बाई. तिच्या वाट्याला कौतुक आहे, सही नाही.

आता सर्वांत वादाचा भाग, कागदावरची व्याख्या. वेगवेगळ्या सरकारी योजनांत महिलेचा उद्योग ठरवण्याचे निकष एकसारखे नाहीत. २०१६च्या केंद्राच्या कर्जयोजनेत दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्जाची सोय झाली. भागीदारी किंवा कंपनी असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा आणि नियंत्रण अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीकडे वा महिलेकडे असण्याची अट होती. राज्याने २०१७च्या डिसेंबरात महिला उद्योजकांसाठी वेगळं धोरण आणलं. त्यात अट १०० टक्के भागभांडवल महिलांचं, आणि वर कामगारांत निम्म्या तरी महिला. पुढच्या वर्षी केंद्राने सरकारी खरेदीतला ३ टक्के वाटा महिलांच्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी ठेवला.

५१ की १००, यावर बरंच बोललं गेलं. शंभर टक्क्यांच्या बाजूचा मुद्दा सरळ आहे: ५१ टक्के म्हणजे नवऱ्याने बायकोच्या नावावर धंदा दाखवून सवलत उचलण्याचा राजमार्ग. मुद्दा खोटा नाही. पण शंभर टक्क्यांतही पळवाट तीच, फक्त बायकोबरोबर सासूचंही नाव घालायचं. उलट भावाबरोबर किंवा नवऱ्याबरोबर खरोखर बरोबरीने धंदा करणारी बाई मात्र या अटीने बाहेर पडते. माझ्या मते जाच होता तो दुसऱ्या अटीचा, निम्म्या महिला कामगारांच्या, आणि त्याविषयी सोलापुरात बोलायला हवं होतं तेवढं कोणी बोललं नाही.

यंत्रमागाची शेड डोळ्यांपुढे आणा. मागावर पुरुष, बीम (ताण्याचा रूळ) भरणारे पुरुष, माग दुरुस्त करून चालते ठेवणारा जॉबर पुरुष. बायका टॉवेलच्या शिलाईला, दोरे काढायला, घडी घालून पॅकिंगला. माग जितके जास्त तितका पुरुष कामगारांचा आकडा मोठा. म्हणजे एखाद्या बाईने खरोखरच पुरुषी धंद्यात उतरून माग चालवले, तर निम्म्या महिला कामगारांची अट तिलाच जड जाणार. कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या उद्योगाला मात्र ती सहज जमते. धोरण कोणाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं असेल याचा अंदाज यावरून करता येतो. चटणी-भाकरीला कमी लेखायचं नाही. त्यावर कित्येक घरं उभी राहिली आहेत. पण चटणीच्या यशाला ‘पुरुषांच्या क्षेत्रात मुसंडी’ म्हणून हार घालणं हा दोन्हींवर अन्याय आहे. सोलापुरात चटणी कुटण्याच्या धंद्याला पुरुषांचं क्षेत्र कोणी म्हणत नव्हतं.

मुसंडी दिसली ती गणवेशाच्या धंद्यात. बायका आधी नगावर शिवत होत्या. कॉलर, खिसा, काजं-बटन असं तुकड्या-तुकड्याचं काम. कापडावर कात्री चालवायची ती कटिंग मास्तरने, आणि मास्तर पुरुष. तागा किती लागेल, म्हणजे धंद्याच्या भाषेत ॲव्हरेज किती बसेल, हे त्याच्या डोक्यात. नफा-तोटा तिथेच ठरतो. ज्या बायका कटिंग शिकल्या, त्यांना भाव स्वतः सांगता आला आणि त्यांतल्या काहींनी चार-सहा शिलाई यंत्रांवर जॉबवर्क सुरू केलं. २०१७पासून सोलापूरच्या गणवेशाची प्रदर्शनं भरू लागली, बाहेरगावचे व्यापारी आले, तेव्हा अशा छोट्या युनिटांनाही काम मिळालं.

टॉवेलच्या धंद्यात अडचण वेगळी आहे. तिथे सगळा खेळ पतीवर नव्हे, पतेवर चालतो (मराठीत हे दोन शब्द इतके जवळ असावेत हाही योगच). सूत उधारीवर उचलायचं, माल व्यापाऱ्याला द्यायचा, पैसे दोन-तीन महिन्यांनी. २००६च्या लघुउद्योग कायद्यात ४५ दिवसांत पैसे देण्याचं बंधन आहे, पण गिऱ्हाइकावर दावा लावून पुन्हा त्यालाच माल विकणार कोण? ही पत बँकेच्या कागदांवर कमी आणि ‘कोणाचा पोरगा’ यावर जास्त मिळते. ‘कोणाची पोरगी’ असा प्रश्न याच कामासाठी कोणी विचारलेला ऐकला नाही. नवरा गेल्यावर शेड हाती आलेल्या बाईला पहिल्या महिन्यात सूतवाला रोखीने व्यवहार करायला सांगतो, इथपासून तिची सुरुवात होते.

रात्रपाळीचं कारण नेहमी पुढे केलं जातं. १९४८च्या कारखाना कायद्याच्या ६६व्या कलमाने बायकांना संध्याकाळी सातनंतर कामाला मनाई होती. महाराष्ट्राने २०१५च्या दुरुस्तीने सुरक्षेच्या अटींवर ती सैल केली. पण हे कलम कामगार बाईसाठी होतं. मालकिणीने रात्री दोन वाजता शेडमध्ये जाऊन तुटलेला ताणा बघायला कायद्याने कधीच हरकत घेतली नव्हती. शिवाय मोजक्या कामगारांवर चालणाऱ्या छोट्या शेडना तो कायदा लागूच होत नव्हता. तिला अडवत होते ते घरचे, आणि तिचं ऐकायचं की ‘मालकांना’ फोन लावायचा या विचारात उभा राहिलेला जॉबर.