मान टाकलेल्या रोपाला आधी पाणी नको

घरात, गॅलरीत, खिडकीत लहान रोपं लावणाऱ्या आमच्या इंदूरच्या ग्राहकांसाठी

पावसाळा लागला की आमच्या रोपवाटिकेत एक वाक्य दिवसातून चार वेळा ऐकू येतं. "रोज न चुकता पाणी घालते हो, तरी बघा कशी मान टाकली." कुंडी हातात घेतली की वजनावरूनच कळतं. ती इतकी जड असते की रोप तहानेलं असणं शक्यच नाही. ते गुदमरलेलं असतं.

मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते, त्यातला प्राणवायू मुळं घेतात आणि त्याच्या बळावर पाणी शोषतात. फटी सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर हे काम थांबतं, कारण पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे 10,000 पट हळू सरकतो. मग पाण्यात उभं असूनही रोपाला पाणी मिळत नाही आणि पानं लोंबतात. आपण ती पाहून आणखी एक तांब्या ओततो. घरात मरणारी बहुतेक लहान रोपं याच दुसऱ्या तांब्याने जातात, असं आमचं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे.

म्हणून आधी दोन पेरं बोट मातीत घाला. वरून कोरडी दिसणारी माती आत ओली असते, कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, तर हमखास. आत गार आणि चिकट लागलं तर पाणी नको. दुसरी सवय याहून चांगली: पाणी घातल्यावर कुंडी एकदा उचलून तिचं वजन हाताला माहीत करून द्या. चार दिवसांनी पुन्हा उचला. हात फसत नाही.

पानंही सांगतात. तहानेलं पान कागदासारखं पातळ होतं, कडा कुरकुरीत होतात, माती कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी दिल्यावर काही तासांत रोप उभं राहतं. जास्त पाण्याचं पान मऊ, जडसर लोंबतं, खालची पानं आधी पिवळी पडतात, मातीवर हिरवट शेवाळ धरतं आणि कुंडी हलवली की बारीक काळी चिलटं उडतात. अगदी कोवळ्या रोपाचा देठ मातीलगत चिमटल्यासारखा बारीक होऊन ते आडवं झालं, तर ती मर रोगाची बुरशी. ते रोप वाचत नाही. ते काढून टाका आणि शेजारच्या रोपांचं पाणी कमी करा.

आता मातीबद्दल, कारण इंदुरात अर्धा दोष तिचाच असतो. आपली माळव्याची काळी माती शेतात सोनं आहे. सोयाबीन, गहू, हरभरा तिच्यावरच पिकतो. पण कुंडीत ती वेगळी वागते. ही माती बेसॉल्ट खडकापासून झालेली, चिकणमातीचं प्रमाण मोठं. भिजली की फुगते, फटी मिटवते. वाळली की आकसते, भेगा पडतात आणि त्यात कोवळी मुळं तुटतात. शेतात खोली असते, कुंडीत ती नसते. पारख सोपी आहे: ओली माती तळहातावर वळा. शेवयीसारखी लांब वळी न तुटता झाली तर ती माती एकटी कुंडीत घालू नका.

आम्ही लहान रोपांसाठी दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग बागेची माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा साळीचं तूस घेतो. वाळू बारीक नको. ती फटी बुजवते. शेणखत घालायचंच तर पूर्ण कुजलेलं हवं. एका वर्षी घाईत अर्धकच्चं शेणखत वापरलं आणि टोमॅटो-मिरचीची अख्खी खेप हातची गेली. त्या मिश्रणात हात घातला तर ते गरम लागत होतं. तेव्हापासून खत नाकाला आणि हाताला दाखवल्याशिवाय आम्ही मिसळत नाही. तळाशी खडी घातली की निचरा सुधारतो, हा समज मात्र सोडा. बारीक माती आणि खडी जिथे भेटतात तिथेच पाणी थबकतं, उलट मुळांची जागा कमी होते. भोकं मोकळी ठेवा, बस. आणि वीतभर रोपाला बादलीएवढी कुंडी देऊ नका. मुळं पोचत नाहीत तिथली माती आठवडाभर ओली राहते.

नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर आधी मुळं पाहा. मुळं पांढरी असतील तर बहुधा लोह मिळत नाही. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते. मातीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले आणि फसफसलं तर ती आहेच. अशा मातीत राख किंवा चुना मिसळू नका, दुखणं वाढतं. चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही मुळांना घेता येईल असं विरघळणारं लोह, पाकिटावर लिहिलेल्या मापाने द्या. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरा थर धरत असेल, तर तो खरवडून काढा आणि रोपांना नळाने येणारं नर्मदेचं पाणी द्या.

नर्मदेवरून आठवलं. 1978 पासून नर्मदाकाठच्या जलूदहून येणारं हे पाणी अनेक वस्त्यांत एक दिवसाआड येतं आणि नळ आला की घरातल्या सगळ्या कुंड्या भरून घ्यायची सवय लागते. नळाचा वार रोपाचा वार नसतो. पाणी साठवा, पण बोट घातल्याशिवाय घालू नका. उन्हाळ्यात कूलर चालणाऱ्या खोलीतली हवा दमट असते, तिथली कुंडी गच्चीवरच्या कुंडीपेक्षा फार हळू वाळते. तुळशीला रोज पाणी घालणाऱ्या घरांना आमची विनंती: पावसाळ्यात आणि थंडीत तांब्याऐवजी पळी घ्या. नेम मोडत नाही, तुळसही टिकते. दूध-साखरेचा उरलेला चहा किंवा न धुतलेला चोथा कुंडीत टाकू नका, चिलटं त्यावरच वाढतात.

रोप बिघडलंच, तर पाणी बंद करा, खालची ताटली काढा, उजेड आणि वारा असलेल्या सावलीत ठेवा. खत अजिबात नको. आजारी मुळांना ते जाळतं. मातीला कुजका वास असेल तर रोप काढून मातीचा गोळा काही तास वर्तमानपत्रावर ठेवा. तपकिरी, बुळबुळीत मुळं स्वच्छ कात्रीने कापा, पांढरी राखा, दोन-चार पानं कमी करा आणि नव्या मिश्रणात लावून एकदाच बेताचं पाणी द्या. पिवळी झालेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे पाहू नका. दोन-तीन आठवड्यांत शेंड्याला नवं पान फुटलं की मुळं सावरली म्हणायचं.

कळत नसेल तर रोप कुंडीसकट आमच्याकडे घेऊन या. आमच्याकडून घेतलेलं नसलं तरी चालेल, बघण्याचे पैसे नाहीत. फक्त येण्याआधी दोन दिवस पाणी घालू नका, म्हणजे मुळं नीट पाहता येतील.