बाराची मर्यादा: स्टारक्राफ्ट रिमास्टर्डमागची पार्श्वभूमी

स्टारक्राफ्ट हा ब्लिझार्ड कंपनीचा युद्धाचा संगणक-गेम. त्याची रिमास्टर्ड, म्हणजे जुनाच गेम नव्या चित्रांत दाखवणारी आवृत्ती १४ ऑगस्ट २०१७ ला आली. तेव्हापासून हा गेम पहिल्यांदाच खेळणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते: माउसने अख्ख्या सैन्याभोवती चौकट ओढली तरी बाराच युनिट्स (सैनिक, वाहनं, कामगार) सिलेक्ट होतात. चित्रं ४के झाली, हॉटकी, म्हणजे हुकूम देण्याच्या कळा, आपल्या सोयीने बदलता येऊ लागल्या, पण तेराव्या मरीनला (साध्या सैनिकाला) आजही वेगळा हुकूम द्यावा लागतो. हे नजरचुकीने राहून गेलेलं नाही. जाणूनबुजून ठेवलं आहे, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

ही मर्यादा स्टारक्राफ्टच्याही आधीची. त्याच कंपनीच्या १९९४ च्या वॉरक्राफ्टमध्ये एका वेळी चारच युनिट्स निवडता येत. संगणकाची ताकद कमी पडली म्हणून असं केलं, असा समज सर्रास आढळतो, पण तो चुकीचा आहे. त्या गेमच्या प्रोग्रामरने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे की सुरुवातीला कोडमध्ये असं कुठलंही बंधन नव्हतं. झुंडच्या झुंड शत्रूवर सोडून देण्याऐवजी खेळाडूने कोण कुठे उभा आहे याचा विचार करावा, म्हणून ते नंतर घातलं गेलं. वॉरक्राफ्ट २ मध्ये चाराचे नऊ झाले, स्टारक्राफ्टमध्ये बारा. कमांड अँड कॉन्कर या प्रतिस्पर्धी गेममध्ये मात्र १९९५ पासूनच चौकट ओढून मोठा जमाव एकदम हलवता यायचा. म्हणजे ३१ मार्च १९९८ ला स्टारक्राफ्ट बाजारात आला, तेव्हाही बाराचा आकडा काहींना जुनाटच वाटला असणार.

युनिट्सना मार्ग शोधण्यात येणारी अडचणही त्याच काळातली. आतला सांगाडा वॉरक्राफ्ट २ चा, चौकोनी घरांचा. त्यावर तिरप्या कोनातून दिसणारी जमीन उशिरा बसवली गेली. म्हणून ड्रॅगून ही चालती युद्धयंत्रं चिंचोळ्या वाटेत भांबावतात आणि रीव्हर या यंत्राने सोडलेला स्कॅरब, म्हणजे जमिनीवरून धावणारा बॉम्ब, कधीकधी लक्ष्यापर्यंत पोचतच नाही. खाणीत कामगारांची कोंडी होऊ लागली, तेव्हा खनिज आणणारा कामगार इतर युनिट्समधून आरपार जाऊ शकेल अशी पळवाट काढली गेली. पुढे खेळाडूंनी तिचंच हत्यार केलं: खनिजावर क्लिक करायचं आणि शत्रूने अडवलेल्या दारातून कामगार बाहेर काढायचा.

खरी गोष्ट दक्षिण कोरियातली. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तिथे पीसी बांग, म्हणजे तासावर संगणक देणारी दुकानं, गल्लोगल्ली निघाली. ब्रॉडबँड झपाट्याने पसरलं, केबलवर निव्वळ गेमच्या वाहिन्या आल्या. २००४ मध्ये बुसानच्या ग्वांगाल्ली समुद्रकिनाऱ्यावर सांघिक लीगची अंतिम लढत झाली, तेव्हा गर्दीचा आकडा लाखाच्या घरात सांगितला गेला. तिथल्या खेळाडूंनी बाराच्या मर्यादेचं रूपच पालटून टाकलं.

गेममध्ये टेरन, झर्ग आणि प्रोटॉस असे तीन वंश, म्हणजे लढणाऱ्या बाजू. त्यांतल्या झर्गच्या म्युटालिस्कचंच घ्या. हवेत उडणारी ही युनिट्स एरवी एकमेकांपासून थोडी फटकून राहतात. पण अकरा म्युटालिस्कच्या गटात नकाशाच्या दुसऱ्या टोकाचा एक ओव्हरलॉर्ड (झर्गचंच संथ उडणारं युनिट) बारावा म्हणून घातला, की गट फार पसरलेला आहे असं गेमला वाटतं. मग रांग राखण्याऐवजी तो सगळ्यांना नेमक्या एकाच बिंदूवर धाडतो. अकराजण एकावर एक रचले जातात, एकदम वार करतात आणि मागे फिरतात. समोरच्याला त्यांतला एकेक वेचून मारणं जवळजवळ अशक्य होतं. टेरनविरुद्धच्या लढतींचा तोंडवळाच या युक्तीने बदलला. जमिनीवरही तेच. साठ झर्गलिंग (झर्गचे छोटे सैनिक) म्हणजे पाच गट, पाच हॉटकी, पाच वेगवेगळे हुकूम. चार हाय टेम्प्लर (प्रोटॉसचे वादळ सोडणारे योद्धे) एकत्र निवडून वादळ सोडलं तर चौघांचीही वादळं एकाच जागी कोसळून वाया जातात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्रपणे निवडावं लागतं. हातांच्या या वेगातच श्रेष्ठ आणि मध्यम खेळाडूंमधलं अंतर दिसे, आणि प्रेक्षक नेमकं तेच बघायला येत.

२७ जुलै २०१० ला आलेल्या स्टारक्राफ्ट २ ने हे सगळं सोपं केलं. अख्खं सैन्य एका हॉटकीवर आलं, कामगार आपणहून खाणीकडे वळू लागले, चार टेम्प्लरमधला एकच वादळ सोडू लागला. गेम उत्तम होता. पण सैन्याचा एकच गोळा करून अंगावर जाण्याची सवय लागली, हा आक्षेप त्याला कायम चिकटला. त्याच वर्षी कोरियातल्या काही नामवंत खेळाडूंवर सामने विकल्याचे आरोप झाले. प्रसारणाचे हक्क कुणाचे, यावरून कंपनी, तिथली ई-स्पोर्ट्स संघटना आणि वाहिन्या यांच्यातलं भांडण कोर्टापर्यंत गेलं आणि २०११ मध्ये कसंबसं मिटलं. २०१२ मध्ये टीव्हीवरची जुन्या गेमची शेवटची मोठी लीग झाली. संपलं असंच वाटत होतं. पण निवृत्त खेळाडू घरून स्ट्रीम करू लागले, प्रेक्षक त्यांच्यामागे गेले आणि २०१६ मध्ये नवी लीग उभी राहिली.

२६ मार्च २०१७ ला सोलमध्ये रिमास्टर्डची घोषणा झाली, तेव्हा हा प्रेक्षक समोर होता. एप्रिलमध्ये मूळ गेम फुकट झाला. नवी चित्रं विकत घेणारा आणि जुनीच पाहणारा यांना एकमेकांविरुद्ध खेळता आलं पाहिजे, असं ठरलं. एफ५ दाबली की नवं चित्र जातं आणि १९९८ चं परत येतं. खाली धावणारा गेम एकच. मग एकाला बारा आणि दुसऱ्याला शंभर असं करताच आलं नसतं.

विरोधकांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. नवा माणूस बाराला अडखळतो आणि निघून जातो, हे खरं आहे. निदान एकट्याने खेळायच्या मोहिमांमध्ये तरी मर्यादा काढण्याचा पर्याय द्यायला हवा होता, असं मलाही वाटतं. तिथे कुणाचं काही बिघडलं नसतं. पण आमनेसामनेच्या लढतीत बारा ठेवले, हेच बरोबर होतं. मर्यादा काढली असती तर म्युटालिस्कची ती रचना, वादळांची कसरत आणि वीसेक वर्षांत हातात बसलेलं सगळं कौशल्य निरुपयोगी झालं असतं. जुने लोक जुन्या आवृत्तीवरच राहिले असते, आणि एवढा लहान समाज दोन ठिकाणी विभागला की दोन्हीकडे रिकाम्या लॉबी (खेळाडू जमायच्या ऑनलाइन जागा) उरतात.

जानेवारी २०२० मध्ये त्याच कंपनीने वॉरक्राफ्ट ३ ची नवी आवृत्ती काढली. जुना गेम ज्यांच्याकडे होता त्यांच्यावरही नवं सॉफ्टवेअर लादलं गेलं, काही जुन्या सोयी गायब झाल्या आणि पैसे परत मागणाऱ्यांची रीघ लागली. त्यानंतर २०१७ चा निर्णय अनेकांना पटला असणार.

युनिट्सची ताकद आणि किंमत ठरवणारा शेवटचा पॅच, म्हणजे गेममधली दुरुस्ती, २००१ चा, १.०८. रिमास्टर्डनेही त्या आकड्यांना हात लावला नाही. एखादा वंश वरचढ होतोय असं वाटलं, की कोरियातले लीगवाले नकाशे बदलतात: खनिजाची जागा सरकवतात, एखादी वाट अरुंद करतात, तळाचं दार टेकडीवर नेतात.