राज्याचा सर्वोत्तम महाविद्यालयीन बास्केटबॉलपटू : एक अमेरिकन वाद

अमेरिकेच्या ५० राज्यांतून महाविद्यालयीन बास्केटबॉलला मिळालेला प्रत्येकी एक सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडणे, हा त्या देशातील क्रीडारसिकांचा जुना छंद आहे आणि तितकाच जुना वादही आहे. दरवर्षी मार्चमध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची, म्हणजे एनसीएएची, बाद पद्धतीची स्पर्धा सुरू झाली की हा वाद नव्याने रंगतो. वरवर पाहता तो दोन खेळाडूंच्या तुलनेचा वाटतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा भांडण खेळाडूच्या गुणवत्तेवर होत नाही, तो ‘आमच्या राज्याचा’ कशावरून, यावर होते. एकाच खेळाडूचा जन्म एका राज्यात, शालेय शिक्षण दुसऱ्यात आणि महाविद्यालयीन कारकीर्द तिसऱ्यात, हे अमेरिकेत सर्रास घडते. आणि यांपैकी कोणती कसोटी लावायची हे आधी ठरले नाही, तर तिन्ही राज्ये त्याच्यावर हक्क सांगतात.

भारतीय वाचकाला हा पेच सहज उमगत नाही, कारण रणजी करंडकात खेळाडू कोणत्या संघटनेचा हे नोंदणीनेच ठरते. एकट्या महाराष्ट्रातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात, तरी कोण कुणाकडून खेळला याबद्दल संदिग्धता उरत नाही. अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये राज्याचा असा संघच नसतो. संघ विद्यापीठाचा असतो, विद्यापीठ देशभरातून खेळाडू निवडून त्यांना शिष्यवृत्ती देते आणि खेळाडू बहुधा चार वर्षे किंवा त्याहून कमी काळ तिथे राहतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे, तर शाळेचे राज्य हे त्याचे माहेर आणि विद्यापीठाचे राज्य हे सासर. कौतुक दोन्हीकडे होते आणि ओढाताणही दोन्हीकडून होते.

या ओढाताणीचे सर्वांत बोलके उदाहरण ऑस्कर रॉबर्टसन यांचे आहे. त्यांचा जन्म १९३८ मध्ये टेनेसी राज्यातील शार्लट या गावी झाला. लहानपणीच कुटुंब इंडियाना राज्याच्या राजधानीत, इंडियानापोलिसमध्ये, स्थलांतरित झाले आणि तिथल्या गरीब वस्तीत ते वाढले. चेंडू घ्यायला पैसे नसल्यामुळे टेनिसचे चेंडू किंवा रबरबँडने आवळून बांधलेल्या चिंध्या घराच्या मागे लावलेल्या पीचच्या टोपलीत टाकत त्यांनी नेम बसवला. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला, तेव्हाही बास्केट म्हणून पीचच्या टोपल्याच बांधल्या होत्या. पुढे क्रिस्पस ॲटक्स या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शाळेकडून खेळताना रॉबर्टसन यांनी १९५५ आणि १९५६ अशी सलग दोन वर्षे इंडियानाचे शालेय अजिंक्यपद जिंकून दिले. पहिल्या विजयानंतरची मिरवणूक इतर विजेत्यांप्रमाणे शहराच्या मध्यवर्ती चौकात रमू दिली गेली नाही. चौकाला एक फेरी मारून ती कृष्णवर्णीय वस्तीतल्या उद्यानाकडे नेण्यात आली. हा सल रॉबर्टसन यांच्या मनातून कधीच गेला नाही. महाविद्यालयासाठी त्यांनी शेजारच्या ओहायो राज्यातील सिनसिनाटी विद्यापीठ निवडले, तिथे तीन हंगामांत सामन्यामागे सरासरी ३३.८ गुण मिळवले आणि तिन्ही वर्षे ते देशातील सर्वाधिक गुण मिळवणारे खेळाडू ठरले. आता त्यांना टेनेसीचे म्हणायचे, इंडियानाचे की ओहायोचे? जन्माची कसोटी लावली तर ज्या राज्यात त्यांनी धड चेंडूही हाताळला नसेल, ते राज्य त्यांच्यावर मिरवेल. विद्यापीठाची कसोटी लावली तर ओहायोचे पारडे जड होईल, पण रॉबर्टसन घडले कुठे या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. प्रस्तुत नोंदीच्या लेखकाला शाळेची कसोटी सर्वांत न्याय्य वाटते, कारण खेळाडूचा हात, पाय आणि नजर तयार होते ती गल्लीतल्या रिंगवर आणि शाळेच्या व्यायामशाळेत. विद्यापीठाकडे तो येतो तेव्हा तो बराचसा घडलेला असतो.

मात्र ही कसोटी मान्य केली की इंडियानात दुसरे वादळ उठते, कारण फ्रेंच लिक या छोट्या गावात वाढलेले लॅरी बर्ड याच राज्याचे. ते इंडियाना स्टेट विद्यापीठाकडून खेळले आणि १९७९ मध्ये त्यांनी फारशा कुणाच्या खिजगणतीत नसलेला हा संघ एकही सामना न हरता अंतिम फेरीत नेला. तिथे मिशिगन स्टेटच्या मॅजिक जॉन्सन यांच्या संघाने त्यांना ७५–६४ असे हरवले. बर्ड यांच्या बाजूने बोलणारे सांगतात की जन्म, शाळा आणि विद्यापीठ या तिन्ही कसोट्यांवर इंडियानाचा निर्विवाद खेळाडू तेच आहेत. हा मुद्दा वजनदार आहे. तरीही निव्वळ महाविद्यालयीन कामगिरी पाहिली तर रॉबर्टसन यांचे नाव वर ठेवावे लागते.

तिन्ही कसोट्या एकाच दिशेने बोट दाखवतात अशी राज्ये थोडी आहेत, आणि त्यांत वेस्ट व्हर्जिनियाचे नाव आधी घ्यावे लागते. जेरी वेस्ट तिथल्याच शेलियन गावचे, ईस्ट बँक शाळेचे आणि वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे. १९५६ मध्ये त्यांनी शाळेला राज्य अजिंक्यपद मिळवून दिले, तेव्हापासून दरवर्षी २४ मार्चला ही शाळा एका दिवसापुरते आपले नाव ‘वेस्ट बँक’ करून घेत असे, आणि शाळा बंद होईपर्यंत ही प्रथा चालली. १९५९ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्यांचा संघ कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून एका गुणाने, ७१–७० असा, हरला. तरी स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान पराभूत संघातल्या वेस्ट यांनाच मिळाला. या राज्यात वाद फारसा होत नाही.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे अलास्का. या राज्यात एनसीएएच्या सर्वोच्च विभागात बास्केटबॉल खेळणारे एकही विद्यापीठ नाही, त्यामुळे विद्यापीठाची कसोटी लावली तर त्या विभागापुरती अलास्काची जागा रिकामीच ठेवावी लागते. शाळेची कसोटी लावली की तीच जागा गजबजून जाते. अँकरेजमधून ट्रेजन लँग्डन ड्यूक विद्यापीठात गेले, जूनोमधून कार्लोस बूझर तिथेच गेले आणि २००१ च्या विजेत्या संघात होते, तर अँकरेजचेच मारिओ चाल्मर्स कॅन्सस विद्यापीठात गेले आणि २००८ च्या अंतिम सामन्यात मेम्फिसविरुद्ध शेवटच्या क्षणी त्यांनी मारलेल्या थ्री-पॉइंटरने, म्हणजे लांबून केलेल्या तीन गुणांच्या बास्केटने, सामना जादा वेळेत गेला आणि मग कॅन्ससने जिंकला. लँग्डन यांचा जन्म कॅलिफोर्नियातला आणि बूझर यांचा जर्मनीतला. म्हणजे जन्माच्या कसोटीवर हे दोघेही अलास्काच्या हातून निसटतात.

मायकेल जॉर्डन यांच्याबाबत मात्र जन्माचा दाखला कुणी मनावर घेत नाही. ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मले, पण नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टनला वाढले आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात पहिल्याच वर्षी, १९८२ च्या अंतिम सामन्यात, त्यांनी जॉर्जटाउनविरुद्ध विजयी बास्केट केला. तरीही नॉर्थ कॅरोलायनातील जाणकार मंडळी महाविद्यालयीन खेळापुरते पहिले नाव बहुधा डेव्हिड थॉम्पसन यांचे घेतात. शेल्बीत वाढलेल्या थॉम्पसन यांनी १९७४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटला विजेतेपद मिळवून दिले आणि वाटेत उपांत्य सामन्यात, सलग सात वर्षे विजेतेपद राखलेल्या यूसीएलए या कॅलिफोर्नियातील विद्यापीठाची सद्दी संपवली. व्यावसायिक एनबीएतील कीर्ती बाजूला ठेवून केवळ महाविद्यालयीन वर्षे तोलायची, हा या वादाचा मूलभूत नियम आहे, आणि तो जॉर्डन यांच्यासारख्या नावापुढे पाळणे सर्वांत कठीण जाते. याच नियमाने ओहायोचे लेब्रॉन जेम्स या यादीत मुळी येतच नाहीत, कारण ते २००३ मध्ये शाळेतून थेट एनबीएत गेले.

राज्यांचा हिशेब मांडताना एक कटू इतिहास नजरेआड करता येत नाही. दक्षिणेतील बहुसंख्य मोठ्या विद्यापीठांनी १९६० च्या दशकापर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घेतले नाही; साउथईस्टर्न कॉन्फरन्स या दक्षिणेकडील विद्यापीठांच्या गटात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, व्हँडरबिल्टचे पेरी वॉलेस, मुख्य संघाकडून मैदानात उतरला तो १९६७ मध्ये. त्यामुळे दक्षिणेत जन्मलेल्या कितीतरी गुणी मुलांना घर सोडावे लागले. लुइझियानातील मन्रो येथे जन्मलेले बिल रसेल यांचे कुटुंब कॅलिफोर्नियातील ओकलंडला गेले आणि रसेल यांनी सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाला १९५५ आणि १९५६ अशी दोन विजेतेपदे मिळवून दिली. जॉर्जियाचे वॉल्ट फ्रेझियर इलिनॉयला गेले. मिसिसिपीत तर याहून विचित्र घडले. बेली हॉवेल यांच्या मिसिसिपी स्टेट संघाने १९५९ च्या हंगामात २४ सामने जिंकून फक्त एक गमावला, पण समोरच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू असतील या कारणाने या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत उतरूच दिले नाही. स्वतः गौरवर्णीय असलेल्या हॉवेल यांची संधीही त्या अलिखित बंदीने हिरावली. १९६३ मध्ये याच विद्यापीठाचा संघ न्यायालयीन मनाई हुकूम हाती पडण्याआधी गुपचूप राज्याबाहेर पडला आणि शिकागोच्या लॉयोला संघाशी खेळला. दक्षिणेकडच्या राज्यांच्या यादीत जुन्या काळातली नावे विरळ दिसतात ती यामुळे, आणि हे न सांगता केलेली तुलना अपुरी तर असतेच, अन्यायकारकही असते.

गुणांच्या आकड्यांवर निकाल लावू म्हटले, तर लुइझियानाचा प्रश्न उभा राहतो. पीट मॅराविच यांनी लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून १९६७ ते १९७० या तीन हंगामांत ८३ सामन्यांत ३,६६७ गुण केले, सरासरी ४४.२. तेव्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळण्याची परवानगी नव्हती आणि तीन गुणांची रेषाही, म्हणजे जिच्या पलीकडून केलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात ती, आखलेली नव्हती. ही रेषा सगळीकडे आली ती १९८६–८७ च्या हंगामात. लांबून चेंडू टाकण्यात मॅराविच यांचा हातखंडा होता, हे लक्षात घेतले की आकडा आणखी मोठा वाटू लागतो. पण त्यांच्या काळात हा संघ एनसीएए स्पर्धेपर्यंत एकदाही पोहोचला नाही, आणि शिवाय ते जन्माने पेनसिल्व्हेनियाचे आणि शाळेने दोन्ही कॅरोलायनांचे. त्यांना लुइझियानाचे म्हणणारे विद्यापीठाची कसोटी गृहीत धरून चालतात.

मॅराविच यांचा आकडा ओलांडला तो एका महिलेने. आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्क यांनी ३ मार्च २०२४ रोजी त्यांना मागे टाकले आणि ३,९५१ गुणांवर कारकीर्द संपवली. त्यांना चार हंगाम आणि तीन गुणांची रेषा दोन्ही मिळाले, असे टीकाकार बजावतात. ते खरे आहे, पण त्याने त्यांचे श्रेय कमी होत नाही. त्यांच्याआधी कॅन्ससच्या लिनेट वुडर्ड यांनी ३,६४९ गुण केले होते. वुडर्ड खेळल्या तेव्हा महिलांच्या स्पर्धा एआयएडब्ल्यू या वेगळ्या संघटनेकडे होत्या, एनसीएएने महिलांची स्पर्धा १९८२ मध्ये सुरू केली, आणि त्यामुळे वुडर्ड यांचा विक्रम एनसीएएच्या अधिकृत नोंदीत बसलाच नाही. राज्यांच्या याद्या पुष्कळदा केवळ पुरुषांच्या असतात. ही मोठी उणीव आहे. आयोवात तर मुलींच्या बास्केटबॉलची परंपरा देशात वेगळी उठून दिसणारी. तिथे शाळांतून सहा-सहा मुलींचा खेळ १९९३ पर्यंत चालला, ज्यात तिघी फक्त आक्रमण आणि तिघी फक्त बचाव करत आणि मधली रेषा ओलांडायला कुणालाही मुभा नसे. अशा राज्याचे पहिले नाव क्लार्क यांचे असणे स्वाभाविक आहे.

विजेतेपदे मोजायची की वैयक्तिक सामर्थ्य, याचेही एकमत नाही. हॅरिसनबर्गचे राल्फ सॅम्पसन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना १९८१ ते १९८३ अशी तीन वर्षे देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरले, पण राष्ट्रीय विजेतेपद त्यांना लाभले नाही. दुसरीकडे न्यूयॉर्कचे ल्यू ॲल्सिंडर, म्हणजे पुढचे करीम अब्दुल-जब्बार, यांनी यूसीएलएमध्ये ८८ सामने जिंकले, दोन हरले आणि तिन्ही वर्षे विजेतेपद मिळवले. त्यांचा पहिला हंगाम संपताच महाविद्यालयीन खेळात डंकवर, म्हणजे उंच उडी मारून चेंडू वरून थेट रिंगमध्ये कोंबण्यावर, बंदी आली आणि ती १९७६ पर्यंत टिकली. खेळाडूच्या वर्चस्वाचे इतके मोठे प्रमाणपत्र दुसरे मिळणे कठीण आहे. शाळेच्या कसोटीवर ते न्यूयॉर्कचेच.

लहान राज्यांकडे चर्चा वळली की लोक घाईने पुढे सरकतात, आणि तिथेच चुकतात. वायोमिंगचे केनी सेलर्स हे त्याचे उत्तर आहे. हिल्सडेलजवळच्या त्यांच्या शेतावर पवनचक्कीला लोखंडी रिंग ठोकलेली होती. थोरला भाऊ बड चांगलाच उंच, त्याचे हात धाकट्याचा प्रत्येक नेम अडवत. एके दिवशी केनी यांनी उडी मारून हवेतूनच चेंडू सोडला. पाय जमिनीला टेकवून चेंडू टाकण्याच्या त्या काळात हा जंप शॉट नवलाचा होता, आणि तो रुजवण्याचे श्रेय ज्या मोजक्या खेळाडूंना दिले जाते त्यांत सेलर्स यांचे नाव अग्रभागी असते. १९४३ मध्ये त्यांनी वायोमिंग विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. जन्म शेजारच्या नेब्रास्कातला, पण नेब्रास्काने त्यांच्यावर हक्क सांगितला तर पवनचक्की वायोमिंगची होती, एवढे उत्तर पुरे.

अलीकडे शाळेची कसोटीही डळमळू लागली आहे. होतकरू मुले आता पंधराव्या-सोळाव्या वर्षीच घर सोडून फ्लोरिडातील मॉन्टव्हर्ड किंवा व्हर्जिनियातील ओक हिल यांसारख्या निवासी शाळांत जातात. त्यातच एनबीएने २००६ पासून शाळेतून थेट प्रवेश बंद केल्यामुळे पुष्कळ जण विद्यापीठात एकच हंगाम काढतात. टेक्सास विद्यापीठाकडून एकमेव हंगाम खेळलेले केव्हिन ड्युरंट २००७ मध्ये देशाचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. मेन राज्यातल्या न्यूपोर्ट या लहान गावचे कूपर फ्लॅग यांनी २०२२ मध्ये गावाकडच्या नोकोमिस शाळेला जुळ्या भावासोबत राज्य अजिंक्यपद मिळवून दिले, त्यानंतर ते मॉन्टव्हर्डला गेले, मग ड्यूकमध्ये एक हंगाम खेळून २०२५ मध्ये राष्ट्रीय सर्वोत्तम खेळाडू झाले. शाळेचा शेवटचा दाखला पाहायचा तर ते फ्लोरिडाचे ठरतील. पण फ्लोरिडाला तारे पुष्कळ आहेत, आणि मेनमध्ये फ्लॅग यांना परके मानणारा माणूस शोधून सापडणार नाही; तेव्हा शाळा म्हणजे पहिली शाळा, अशी दुरुस्ती या कसोटीत करून घेणे योग्य होईल.