कबुलीजबाब, अनैच्छिक

मारहाण, धमकी, आमिष किंवा वचन यांमुळे आरोपीने दिलेली गुन्ह्याची कबुली. अशी कबुली पुराव्यातून वगळली जाते. ती अनैच्छिक आहे की नाही हे कोणत्या टप्प्यावर ठरवायचे, याबाबत मात्र न्यायपद्धतींत फरक आहे.

या नियमाचा उगम सामान्यतः इंग्लंडमधील वॉरिकशॉल खटल्यात (१७८३) मानतात. आशेने किंवा भीतीने वदवलेली कबुली विश्वासार्ह नसते, असे कारण तेथे दिले गेले. त्या कबुलीमुळे सापडलेला चोरीचा माल मात्र पुरावा म्हणून ग्राह्य ठरला. तथापि रड खटल्यात (१७७५) न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी अशा कबुल्या वापरल्या जात नसल्याचा उल्लेख केला आहे. त्यामुळे प्रथा त्याआधीची असावी आणि वॉरिकशॉलने तिला तात्त्विक आधार दिला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

अमेरिकेत ब्राउन विरुद्ध मिसिसिपी (१९३६) या निकालाने फटके मारून घेतलेल्या कबुलीवरील दोषसिद्धी रद्द केली. न्यूयॉर्कमध्ये मात्र कबुली स्वेच्छेची होती की नाही हा वाद ज्यूरीपुढेच (दोषाचा निर्णय देणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढेच) जाई. कबुली एकदा ऐकलेली ज्यूरी ती मनातून काढू शकेल याची खात्री नसल्याने जॅक्सन विरुद्ध डेनो (१९६४) या निकालाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच वर्षी हंटली निकालामुळे न्यूयॉर्कमध्ये खटल्यापूर्वीची स्वतंत्र सुनावणी रूढ झाली. तीत स्वेच्छा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो. संघराज्यीय पातळीवर संभाव्यतेचे पारडे झुकणे, म्हणजे कबुली स्वेच्छेची असण्याची शक्यता नसण्याहून अधिक दिसणे, पुरेसे आहे (लेगो विरुद्ध टूमी, १९७२).

भारतात अशी वेगळी सुनावणी नाही. आक्षेप खटल्यातच तपासला जातो. १८७२च्या पुरावा अधिनियमाच्या कलम २४मध्ये कबुली दबावाखालची असल्याचे न्यायालयास ‘दिसून येणे’ पुरेसे होते. प्यारेलाल भार्गव प्रकरणात (१९६३) सर्वोच्च न्यायालयाने हा निकष ‘सिद्ध होणे’ याहून सौम्य असल्याचे म्हटले. पोलिसांपुढील कबुली कलम २५ने वगळली. कलम २७ने मात्र तिच्यातील वस्तूच्या शोधाशी निगडित भाग ग्राह्य धरला. वॉरिकशॉलची छाया येथे स्पष्ट दिसते. १ जुलै २०२४पासून या तरतुदी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २२ व २३मध्ये आहेत.

महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम (मकोका), १९९९ याच्या कलम १८ने पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य केल्याने येथे स्वेच्छेचा प्रश्न अधिक तीव्र होतो. २००६च्या मुंबई रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये अशा कबुल्या नाकारून सर्व १२ आरोपींना निर्दोष सोडले. या निकालाचा पूर्वदाखला म्हणून वापर करण्यास सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली.