सीआरपीच्या आकड्यामागचा निरोप

पावसाळ्यात नौपाड्यातल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबचं बाक सकाळी सातलाच तापाच्या पेशंटनी भरतं. संध्याकाळी रिपोर्ट हातात पडला की ठरलेला प्रश्न येतो, "सीआरपी वाढलाय म्हणजे नक्की काय झालंय?" सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, जंतुसंसर्गात रक्तात वाढणारं एक प्रथिन. काउंटरवर या प्रश्नाचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस हे संशोधक न्यूमोनियाच्या रुग्णांचं सीरम तपासत होते. न्यूमोकोकस जंतूपासून काढलेलं 'सी' नावाचं द्रव्य त्यात घातलं की साका बसायचा. रुग्ण बरा झाला की बसायचा नाही. सीआरपीतला 'सी' तो हा. पुढे कळलं की हे प्रथिन यकृतात तयार होतं. पण जंतू शिरलेत फुप्फुसात, मग यकृताला खबर दिली कुणी?

मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने १८८२ मध्येच इटलीतल्या मेसिनाला तारामाशाच्या अळीत काटा खुपसून पेशी त्याच्याभोवती जमताना पाहिल्या होत्या. त्यांना बोलावणारं काही दिसलं नव्हतं. १९४८ मध्ये बीसन या अमेरिकन डॉक्टरला सशाच्या पांढऱ्या पेशींतच ताप चढवणारं द्रव्य सापडलं, म्हणजे मेंदूला निरोप आपल्याच पेशी धाडतात. आज त्याला इंटरल्युकिन-१ म्हणतात; इंटरल्युकिन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेली निरोप्या प्रथिनं. यकृताकडे जाणारा निरोप मात्र बराच काळ ओळखू आला नाही, कारण तो वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वेगवेगळ्या नावांनी वावरत होता. कुणाला तो बी पेशींना (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींना) चालना देणारा वाटला, कुणाला यकृताच्या पेशींना. १९८६ मध्ये ओसाकात हिरानो आणि किशिमोतो यांच्या गटाने बी पेशींच्या त्या घटकाचं जनुक वेगळं केलं, आणि लवकरच उमगलं की हे सगळे एकच, इंटरल्युकिन-६. मला या साऱ्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात आवडतो. यकृताचं उत्तर दिसलं १९३० ला, ते ज्याला होतं तो निरोप हाती आला छप्पन्न वर्षांनी!

पण जंतू आलाय हे पहिल्यांदा ओळखतं कोण? १९९६ मध्ये हॉफमन यांच्या गटाला फळमाशीत टोल जनुकाचं संरक्षणाचं काम दिसलं. १९९८ मध्ये बॉयटलर यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की काही जीवाणूंच्या आवरणातला लिपोपॉलिसॅकराइड हा घटक टीएलआर-४ मुळे, म्हणजे टोलसारख्याच एका प्रथिनामुळे, ओळखला जातो. दोघांना २०११ चं नोबेल मिळालं. ऊतींतल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, पेशींना अशी खूण पटली की त्या टीएनएफ (आणखी एक निरोप्या प्रथिन), इंटरल्युकिन-१ आणि ६ सोडतात. टीएनएफमुळे जवळच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर चिकट होतं, इंटरल्युकिन-८ न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना हाक मारतं. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, वाढलेल्या दिसतात त्या बहुधा याच पेशी.

निरोप पोचून यकृत कामाला लागेपर्यंत सहा-आठ तास जातात, सीआरपी शिखराला जायला साधारण दोन दिवस. म्हणून ताप आल्या संध्याकाळीच काढलेला सीआरपी नॉर्मल आला तरी डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात. निरोप थांबला की रक्तातला सीआरपी सुमारे १९ तासांत निम्मा होतो, त्यामुळे औषध लागू पडतंय का हे दुसऱ्या आकड्यावरून जास्त कळतं. जंतू कुठला, हे मात्र दोन्ही आकडे सांगत नाहीत. त्यासाठी कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, लागतं, आणि ते अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी दिलेलं बरं.